सापाच्या वजनाचा रकाना

जुलैच्या पहिल्या सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सापाने शनिवारी गिळलेला उंदीर बाहेर टाकला. उंदीर अर्धवट पचलेला होता. डोके विरघळले होते, मागचे पाय आणि शेपटी ओळखू येत होती. साप पाण्याच्या भांड्यामागे वेटोळे करून बसला होता. घर सांगलीत विश्रामबागला, पहिल्या मजल्यावर. घरात त्या वेळी दोनच माणसे होती, आई आणि मी.

साप मुलीचा होता. ती कराडला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात गेली होती आणि जुलै-ऑगस्ट दोन महिने प्रशिक्षणासाठी बंगळूरला निघाली होती. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, ती एसटीने आली तेव्हा तिच्या मांडीवर एक बुट्टी होती आणि बुट्टीत उशीचा अभ्रा. अभ्र्यात हातभर लांबीचा, अंगठ्याएवढ्या जाडीचा साप. जात बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतल्या अजगरांपैकी एक लहान जात. विष नाही. वय साधारण चार महिने. भारतातला साप घरात ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशी सापाची सरकारदरबारी नोंद करावी लागते. नोंदीच्या अर्जाची पावती तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून दिली. ती मी दोनदा पडताळली. पावती खरी होती.

पिशवीत एक कागदही होता. साप ठेवायच्या काचेच्या डब्याची गरम बाजू किती अंशावर ठेवायची, गार बाजू किती, उंदराचे गोठवलेले पिल्लू किती वेळ कोमट पाण्यात ठेवायचे, असे सगळे तिच्या अक्षरात. सातव्या ओळीत लिहिले होते: खाल्ल्यावर दोन दिवस त्याच्याशी खेळायचं नाही.

"काल संध्याकाळीच खाऊ घातलंय," ती म्हणाली होती. "म्हणजे पुढच्या शनिवारपर्यंत तुम्हाला काही बघायला नको, पप्पा."

संध्याकाळच्या गाडीने ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी उंदीर बाहेर आला.

साप तिला कॉलेजातल्या एका वरच्या वर्गातल्या मुलाने शिक्षण संपवून जाताना दिला होता. त्याला फोन केला. "खातोय की काका, मस्त खातोय," तो म्हणाला. किती वेळा, कोणत्या दिवशी, किती मोठा उंदीर, हे लिहून पाठव म्हटले. हो म्हणाला. पाठवले नाही. मी एक वही ठेवतो. पावसाळ्यात तिच्या डाव्या पानावर आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी रोज लिहितो. उजवे पान मोकळे असते. तिथे लिहिले: नियमित खातो, असा आधीच्या मालकाचा दावा. पुष्टी नाही.

त्याच आठवड्यात बुधवारी सकाळी सापाच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर स्टीलची वाटी सापडली. तळाला दुधाची साय वाळून चिकटली होती. वाटी आणि डबा यांच्यात चार फुटांचे अंतर होते.

आई शिराळा तालुक्यातली. तिच्या लहानपणी नागपंचमीला गावात जिवंत नाग दारोदार आणत. बायका ओवाळत, लाह्या आणि दूध पुढे ठेवत. हे तिने आम्हा भावंडांना कित्येकदा सांगितले होते. दूध सापाला पचत नाही, हे मला माहीत होते. तिला माहीत आहे की नाही, हे मी कधी विचारले नव्हते. त्या दिवशीही ते विचारले नाही. विचारले ते असे:

"ही वाटी इथं कशी?"

"मांजरीला ठेवली."

"कुठल्या मांजरीला?"

"येती एक. करडी."

"मी नाही पाहिली कधी."

"तू गेली तीस वर्सं कवा उजाडताना उठलायस?" आई म्हणाली. "पेपर छापून येऊन दहापातूर झोपायचास. आता ह्या सापानं उठवलंय तुला."

वहीत नोंद केली. मांजर: पुष्टी नाही.

पत्नी खंडाळ्याला नोकरीला आहे आणि शनिवारी येते. साप आल्यापासून तिने त्या खोलीचे दार उघडलेले नव्हते. सापाला कुणी काही केले असेल अशांची वहीत यादी केली होती. तिच्या नावापुढे लिहिले: वगळले.

मुलीने फोनवर सांगितले की बारा दिवस काही द्यायचे नाही, फक्त पाणी, आणि त्यानंतर आधीपेक्षा लहान पिल्लू. "कुणी त्याला बाहेर काढून खेळवलं नाही ना?" तिने विचारले. नाही, म्हणालो. ते खरे होते.

या बारा दिवसांत दोन माणसे येऊन गेली.

पहिले घरमालक. ते खाली राहतात. जैन कुटुंब, दोन पिढ्यांचा हळदीचा व्यापार. सापाची कल्पना त्यांना पहिल्या दिवशीच दिली होती आणि त्यांनी मान हलवली होती. आता ते जिना चढून आले आणि चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले.

"सर, एक विचारू का? उंदीर जिवंत घालता?"

"नाही. मेलेले येतात. गोठवलेले."

"मेलेले येतात म्हणजे कुणीतरी मारूनच पाठवत असणार."

"असणार."

"हं." त्यांनी खोलीच्या बंद दाराकडे पाहिले. "दुसरं काही खात नाही का तो? काकडी वगैरे?"

"नाही."

"मग त्याचाही इलाज नाही," ते म्हणाले आणि खाली गेले.

ते खाली गेल्यावर लक्षात आले की आमचे वीजमीटर आणि मेन स्विच त्यांच्या जिन्याखाली आहेत. सापाच्या डब्याखाली विजेवर तापणारी पट्टी असते. ती रात्री तीन-चार तास बंद राहिली तरी पोटातले अन्न पचत नाही, असे वाचले होते. कमीत कमी तापमान लक्षात ठेवणारा एक तापमापक आणून डब्यात ठेवला. सलग पाच सकाळी आकडा बघितला. एकदाही तीसच्या खाली गेला नव्हता. घरमालकांच्या नावापुढेही वगळले असे लिहिले. आता यादीत एकच नाव राहिले, आईचे.

दुसरा आला मामेभाऊ. तो विट्याकडचा. त्या भागातल्या पुष्कळ माणसांप्रमाणे तोही सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे जुने दागिने आटवून शुद्ध धातू काढण्याच्या, धंद्यात आहे आणि दुकान दक्षिणेत लांब आहे. गावी आला होता. त्याला सापाची सगळी हकीकत सांगितली, वाटीसकट. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती.

"हे तर सोपं आहे," तो म्हणाला. "आमच्यात माल आटवायच्या आधी तोलतात आणि आटवल्यावर पुन्हा तोलतात. घट किती यायची ते ठरलेलं असतं. त्याहून फरक दिसला की शटर उघडायच्या आत विचारायचं. घेणारा आतच असतो."

"आणि इथं?"

"इथं उलटं. कुणी काही घातलं तर वजन वाढणार. तू साप तोल, उंदीर तोल, उंदीर घाल आणि सकाळी पुन्हा साप तोल. बेरीज जुळली तर म्हातारी सुटली."

"हळू बोल."

"मी हळूच बोलतोय. ती ऐकतीय."

दुसऱ्या दिवशी त्याने विट्याहून एक लहान काटा पाठवला. ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणारा. असा काटा या घरात पहिल्यांदाच आला होता.

तेराव्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, साप काट्यावर घेतला. सहासष्ट पूर्णांक चार ग्रॅम. पिल्लू सहा पूर्णांक एक. सात वाजून वीस मिनिटांनी चिमट्याने पिल्लू पुढे धरले. साप अकरा मिनिटे जीभ बाहेर काढून बसला आणि मग त्याने झडप घातली. सात बेचाळीसला पिल्लू पूर्ण आत गेले. झाकण बंद केले.

रविवारी सकाळी सहाला झाकण उघडले, साप उचलला आणि एका रिकाम्या डब्यात घालून काट्यावर ठेवला. साप हलतो तोवर आकडा स्थिर होत नाही. पहिल्या प्रयत्नात साप डब्याच्या कडेवरून खाली उतरला. दुसऱ्यात मनगटाला गुंडाळला. तिसऱ्यात थांबला. वीस मिनिटे लागली. बहात्तर पूर्णांक दोन.

आई दारात चहाचा कप घेऊन उभी होती.

"जेवल्या जित्राबाला कशाला हलवतोस रं?"

"वजन घेतोय."

"ते कळलं. जेवलंय ते. पडू दे की."

ती गेल्यावर वहीत लिहिले: आई म्हणते, जेवलेल्या जनावराला हलवू नये. त्याच्याखाली कंसात लिहिले: (विषय बदलते आहे).

त्याच संध्याकाळी सहाला पुन्हा वजन. एकाहत्तर पूर्णांक नऊ. सोमवारी सकाळी सहाला एकाहत्तर पूर्णांक सात. दुपारी पावणेदोनला साप ओकला.

बेरीज तपासली. वजन वाढलेले नव्हते. पण सापाच्या अंगातून दिवसाला किती घट यायला हवी हे मला माहीत नव्हते. म्हणजे कुणी थोडे दूध घातले असेल आणि घटीत ते झाकले गेले असेल, हे या आकड्यांवरून नाकारता येत नव्हते. वहीत त्या दिवशीचे वाक्य असे आहे: दूध दिल्याचा पुरावा नाही, न दिल्याचाही नाही.

मंगळवारी सकाळी झाकण आणि डबा यांच्या सांध्यावर पारदर्शक टेपची एक पट्टी चिकटवली. तिच्यावर पेनाने सही केली आणि वेळ घातली.

आई नऊ वाजता केर काढायला त्या खोलीत गेली. केरसुणीचा आवाज थांबला.

"ह्ये काय?"

"झाकण निसटतं."

"झाकण निसटतं म्हून सही करतोस?"

मी पेन खिशात ठेवले.

"घरात मी हाय आन् तू हायस. बायकू खंडाळ्याला, पोरगी बंगळूरला. मग पहारा कुणावर लावलास?"

"पहारा नाही. नुसती खात्री."

"माझ्या बापाच्या दारात नाग यायचा," आई म्हणाली. "फणा काढून बसायचा ह्या एवढ्या लांब. म्होरं दूध ठेवायचं. त्येनं कवा त्वांड लावलं न्हाई. तो गेला की ती ताटली आमी म्हशीच्या आंबोणात वतायचो. साप दूध पीत न्हाई ह्ये तुझ्या आदी मला ठावं हाय. इचारलं असतंस तर सांगितलं असतं."

तिने केर पूर्ण काढला. सुपलीत भरून टाकला. पिशवीत साड्या भरल्या, गोळ्यांचा डबा घेतला आणि साडेदहाच्या एसटीने कराडला माझ्या बहिणीकडे गेली. स्टँडवर सोडायला गेलो होतो. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाली, "तुझा साप बरा झाला की कळव. तवा बघू."

घरात एक माणूस राहिले.

आई काय बोलली ते वहीत लिहिले आणि यादीतले तिचे नाव मात्र खोडले नाही. तिने सांगितले ते खरे असू शकते, हे मान्य होते. पण पकडले गेल्यावर कुणीही असेच सांगेल, हेही मान्य होते. नाव खोडायचे तर ती घरात नसताना साप पुन्हा ओकायला हवा होता.

पुन्हा बारा दिवस. कृष्णेची पातळी या काळात रोज वाढत होती. डावे पान भरत होते. उजव्या पानावर रोज दोनच नोंदी होत्या: पाणी बदलले, टेप शाबूत.

शनिवारी साप एकसष्ट पूर्णांक आठ ग्रॅम भरला. अंग उचलताना पाठीचा कणा बोटांना लागत होता, जो पहिल्या दिवशी लागत नव्हता. या वेळी पिल्लू चार ग्रॅमचे दिले. खायला त्याला चाळीस मिनिटे लागली. रविवारी सकाळी वजन, संध्याकाळी वजन, प्रत्येक वेळी आधी टेप तपासून आणि नंतर नवी लावून. टेप शाबूत होती. जुलैच्या शेवटच्या सोमवारी सकाळी वजन घेऊन डबा बंद केला आणि नऊच्या सुमारास साप तिसऱ्यांदा ओकला. बाहेर आलेल्या पिल्लाभोवती चिकट, पिवळसर द्रव होता. वास पूर्वीपेक्षा उग्र होता.

आई तेरा दिवस कराडला होती. तिचे नाव खोडले. यादी संपली.

दुपारी घरमालक जिन्यात भेटले.

"सर, आई कधी येणार?"

"का?"

"अहो, आमच्या गोदामात मांजर व्यालीय. करडी. तुमच्या आई तिला रोज सकाळी वर दूध घालायच्या. आता त्या नाहीत तर आमच्या दारात येऊन ओरडते. आम्ही घालतो, पण आमचं दूध तिला चालत नाही बहुतेक. वरच बघत बसते."

वर येऊन जुनी नोंद काढली. मांजर: पुष्टी झाली.

मुलीला फोन केला. तिसऱ्या उलटीचे सांगितले.

"खरं सांगा पप्पा, कुणी खेळवलं का त्याला?"

"कुणी नाही. घरात मी एकटाच आहे."

"मग साताऱ्याला न्या. तिथं एक डॉक्टर आहेत, सर्पमित्र जखमी साप त्यांच्याकडंच आणतात. उद्या-परवा न्या. त्याला चौथ्यांदा झालं तर तो राहणार नाही. मी सगळीकडं तेच वाचलंय." मग म्हणाली, "मी यायच्या आत त्याचं काही झालं तर मला फोन करू नका. आल्यावर सांगा."

बुधवारी सकाळच्या एसटीने साताऱ्याला गेलो. अभ्रा, बुट्टी, वही. दवाखाना जनावरांचा. बाकावर एक म्हातारा शेतकरी बसला होता. पायाशी शेळी, तिच्या पोटाला गोणपाट बांधलेले.

"बुट्टीत काय हाय?"

"साप."

त्याने पाय जवळ घेतले. मग पुन्हा सैल सोडले. "चावलाय का कुणाला?"

"नाही. त्याला अन्न पचत नाही."

"आन् म्हून दवाखान्यात आणलाय?" तो शेळीकडे वळून म्हणाला, "बघ गं बाई. तुला आणाय मी तीन दिवस इचार केला."

डॉक्टर तिशीच्या बाई होत्या. त्यांनी साप हातावर घेतला, तोंड उघडून बघितले, पोटावरून बोट फिरवले आणि डब्याचे तापमान विचारले. तापमान बरोबर असल्याचे सांगितले. पाण्याचे, उंदराच्या मापाचे, पिल्लू कोमट करण्याचे असे एकेक प्रश्न झाले. सगळी उत्तरे बरोबर होती. त्यांनी भुवया जवळ आणल्या.

"पहिल्यांदा ओकला त्याच्या आधी काय झालं होतं?"

"मुलीने कराडहून आणला."

"कधी खाल्लं होतं?"

"आदल्या संध्याकाळी."

"म्हणजे पोटात उंदीर असताना दोन तास एसटीत, बुट्टीत. कराड-सांगली रस्त्यावर." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले. "ते एक समजलं. मग दुसऱ्यांदा?"

वही पुढे केली. त्यांनी ती उघडली, आधी चुकून पाण्याच्या पातळीचे पान वाचले, मग उजवीकडचे. पान उलटले. पुन्हा मागे आल्या.

"रविवार सकाळ सहा, वजन. रविवार संध्याकाळ सहा, वजन. सोमवार सकाळ सहा, वजन. हे कुणी घेतलं?"

"मी."

"साप बाहेर काढून?"

"हो. काट्यावर."

"किती वेळ लागायचा?"

"वीस मिनिटे. कधी पंचवीस. तो हलतो."

"आणि तिसऱ्यांदा खाल्ल्यावरही असंच?"

"असंच. तीनदा."

डॉक्टरांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

"काका, तुमचा साप आजारी नव्हता. खाल्ल्यावर त्याला दोन-तीन दिवस उचलायचं नसतं. उचललं की त्याला वाटतं कुणीतरी धरलंय, आणि पळायला हलकं व्हायचं म्हणून तो पोटातलं टाकतो. मुलीनं सांगितलं नव्हतं?"

"खेळायचं नाही, असं लिहिलं होतं."

"मग?"

"मी खेळलो नव्हतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवायला घेतली. आता तीन उलट्यांनी त्याचा घसा आणि जठर सोलवटले आहे, म्हणाल्या. दोन आठवडे फक्त पाणी. त्यानंतर सगळ्यात लहान पिल्लू, तीन ग्रॅमच्या आतले. खाल्ल्यानंतर विष्ठा होईपर्यंत हात लावायचा नाही. पाणी बदलायचे तरी भांडे वरच्यावर उचलून, साप न हलवता. "विष्ठा झाली म्हणजे पचलं. पुन्हा ओकला तर मी काही सांगू शकत नाही. आणि तो काटा लांब ठेवा."

बाहेर म्हाताऱ्याने विचारले, "काय सांगितलं?"

"जेवल्यावर हलवू नका."

"आन् ह्येच्यासाठी सांगलीस्नं आलास गड्या?"

परतताना कराडला उतरलो. आई बहिणीच्या घरी पुढच्या पडवीत शेंगा फोडत बसली होती. तिने बुट्टीकडे पाहिले.

"हाय का जित्ता?"

"आहे."

"काय म्हनली डॉक्टरीण?"

डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितले. आईने शेंगा फोडणे थांबवले नाही.

"तू हे सांगितलं होतंस," मी म्हणालो. "पहिलं वजन घेतलं त्याच दिवशी. वहीत आहे."

"वहीत हाय व्हय? वाच."

वाचले. आई म्हणते, जेवलेल्या जनावराला हलवू नये.

"आन् त्याच्याखाली?"

"खाली काही नाही."

"हाय. तुझं बोट हाय तितं."

कंसातले वाचले. बहीण आतून हसली. आईने मुठीतल्या शेंगांची टरफले बाजूला केली.

"सही कर त्याच्याखाली," ती म्हणाली. "येळ बी घाल."

संध्याकाळच्या गाडीने ती माझ्याबरोबर सांगलीला आली. बुट्टी तिच्या मांडीवर होती. सापाच्या पोटात काही नव्हते.

घरी आल्यावर तिने आधी काटा मागितला. तो फडक्यात गुंडाळून तिच्या ट्रंकेत ठेवला. ती माझ्या वडिलांची, पलटणीतली ट्रंक. किल्ली तिच्याकडेच असते. मग कट्ट्यावर वाटी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला मांजर आली. करडी होती, उजवा कान फाटका.

त्या दोन आठवड्यांत नागपंचमी आली. घरात काही चिरले नाही, भाजले नाही, तळले नाही. आईने पाटावर गंधाने नाग काढला आणि लाह्या वाहिल्या. डब्याच्या खोलीत ती गेली नाही. मी विचारले, तेव्हा म्हणाली, "ते उपाशी हाय. त्येच्याम्होरं काय न्यायाचं?"

साताऱ्याच्या भेटीनंतर दोन आठवड्यांनी, बुधवारी संध्याकाळी सात वाजता, सगळ्यात लहान पिल्लू चिमट्याने आत धरले. पिल्लू तोललेले नव्हते. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाची पिशवी मागवली होती, त्यातले होते. साप बराच वेळ हलला नाही. सव्वासातला पिल्लू त्याच्याजवळ ठेवून झाकण बंद केले आणि दिवा घालवला. आठला फटीतून पाहिले. पिल्लू नव्हते. कोपऱ्यात, भांड्यामागे, बिछान्याखाली नव्हते. सापाच्या मध्यभागी किंचित फुगवटा होता.

टेप आईने मागितली. सांध्यावर पट्टी तिनेच चिकटवली आणि पेन घेतले. तिची सही मी दरवर्षी हयातीच्या दाखल्यावर पाहतो. तीच, तिरकी, शेवटच्या अक्षराखाली रेघ असलेली.

"आता तुझ्यावर," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी सहाला मी खोलीत गेलो तेव्हा आई खिडकीपाशी खुर्ची टाकून बसली होती, मांजरीकडे पाठ करून. शुक्रवारी तशीच. शनिवारी पत्नी खंडाळ्याहून आली आणि प्रथमच दारातून आत डोकावली.

"कोण कुणाची राखण करतंय?" तिने विचारले.

"तू आत ये मग सांगते," आई म्हणाली. पत्नी आत आली नाही.

रविवारी मुलीचा फोन आला. उलटी झाली का, एवढेच तिने विचारले. नाही, म्हणालो. सोमवारी साप आडोशातून बाहेर आला आणि पाणी प्यायला. मंगळवारी फुगवटा दिसत नव्हता. पचल्यामुळे की ओकल्यामुळे, याची खात्री करायला डबा चारही बाजूंनी पाहिला. डबा पारदर्शक आहे. ओकलेले काही नव्हते. पण बिछान्याच्या चुऱ्याखाली काय आहे ते दिसत नव्हते आणि झाकण उघडायचे नव्हते. बुधवारी, गुरुवारी नवीन काही नाही. गुरुवारी दुपारी मी टेपजवळ हात नेला. आई म्हणाली, "अं." हात मागे घेतला.

शुक्रवारी, नवव्या दिवशी, सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी आईने हाक मारली. डब्याच्या गार बाजूला, कोपऱ्यात, काचेला लागून विष्ठा होती. काळपट, ओलसर, बोटाच्या पेराएवढी, आणि तिला चिकटून खडूसारखा पांढरा भाग. साप गरम बाजूला होता. टेप शाबूत होती. बाहेरूनच फोटो काढून साताऱ्याला डॉक्टरांना पाठवला. सात वाजून चाळीस मिनिटांनी उत्तर आले: पचले आहे. सात वाजून पंचेचाळीस मिनिटांनी तोच फोटो बंगळूरला मुलीला पाठवला. वजनाच्या रकान्यात त्या दिवशी नोंद नाही.